शाकारलेली होडी, कोरडी केबिन
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आणि विषय माझ्यावर सोडला. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलेन, असं काहींनी गृहीत धरलं होतं. तो विषय तुम्हाला रोज मोबाइलवर भेटतोच. मी बोलणार आहे होडीच्या केबिनवर घालायच्या आवरणाबद्दल. कारण इथे बसलेल्या कितीतरी जणांच्या घरी आजही होडी आहे, किंवा काल-परवापर्यंत होती.

यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीला बंदी असते. मेअखेरीस होड्या वर ओढून शाकारण्याची बंदरावरची धांदल आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्या दोन महिन्यांत घरात मिळकत नसते. त्यामुळे बंदी उठल्यावरचे पहिले दिवस फार मोलाचे. नेमकी तेव्हाच केबिन उघडावी, तर फळ्यांवर बुरशी, वायरींच्या टोकांना हिरवट गंज आणि नाकात जाणारा कुबट वास. माझ्या भावाला केबिनची तळफळी तीन वर्षांत दोनदा बदलावी लागली. नंतर सुतार म्हणाला, "आता चौकटही धरली." तेव्हा दादाने होडी विकायची भाषा सुरू केली.

गंमत म्हणजे ताडपत्री तो दरवर्षी न चुकता घालत होता. नवी, जाड, चारी बाजूंनी घट्ट आवळून. वरून थेंब आत येत नव्हता. मग ओल यायची कुठून?

इथे आपल्या विज्ञानाच्या सरांची आठवण येते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम का येतो, हे त्यांनी वर्गात दाखवलं होतं. ३० अंशांची पूर्ण दमट हवा एका घनमीटरमध्ये सुमारे ३० ग्रॅम वाफ धरते. तीच हवा रात्री २५ अंशांवर आली की २३ ग्रॅमच धरू शकते. उरलेल्या ७ ग्रॅमचं पाणी होतं. दादाची केबिन साधारण ५ घनमीटरची. म्हणजे एका रात्रीत सुमारे ३५ ग्रॅम, चहाचे सात चमचे. हे पाणी ताडपत्रीच्या आतल्या बाजूला, छताला आणि वायरींवर जमतं, खाली ठिबकतं. दिवसा तापलं की पुन्हा वाफ, रात्री पुन्हा पाणी. तळफळीखाली थोडं जरी पाणी राहिलं असेल, तरी ते दोन महिने असंच फिरत राहतं. त्यात हे गोडं पाणी. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खाऱ्यापेक्षा तेच मानवतं.

पूर्वी आपल्याकडे होड्या नारळाच्या झापांनी शाकारत. झाप दोन कामं करायचे: पाणी घरंगळून द्यायचे आणि वारा आत-बाहेर जाऊ द्यायचे. प्लास्टिक आलं तेव्हा पहिलं काम पक्कं झालं आणि दुसरं बंद पडलं. आता माडावर चढणारा माणूस मिळत नाही आणि दरवर्षी झाप विणायला कोणाला सवड नाही, त्यामुळे मागे जा असं मी म्हणणार नाही. पण ते दुसरं काम कापडाकडून करून घ्यायचं, एवढं ठरवलं.

माप घेताना आपल्या शिवणाच्या बाई कामी आल्या. आधी कागदावर बेता, मग कापडाला कात्री लावा, हा त्यांचा नियम. आम्ही केबिनवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवून तिचा अख्खा अंगरखा बेतला. शिवला तो रिक्षाची हूडं शिवणाऱ्या कारागिराने, आणि निम्मी अक्कल त्याची. वरच्या पट्टीची कड खालच्या पट्टीवर कौलासारखी चढवायची, म्हणजे शिवणीत पाणी शिरत नाही. दोरा पॉलिस्टरचा, कारण सुती कुजतो. दोरी ओवायच्या कड्या पितळी. कोपऱ्यांवर, जिथे कापड घासतं, तिथे दुहेरी तुकडा.

छपराला मधोमध बांबूचं आढं दिलं आणि दोन्हीकडे घरासारखा उतार. कारण कापड सैल पडून मीटरभर लांब-रुंद खळगा झाला आणि त्यात सरासरी पाच सेंटिमीटर पाणी साठलं, तरी ५० किलो वजन होतं. म्हणजे सिमेंटची एक गोणी केबिनच्या डोक्यावर! पागोळ्या होडीच्या बाहेर पडतील इतकं कापड दोन्ही अंगांना लांब ठेवलं. कापड आणि केबिनचं छत यांत वीतभर पोकळी ठेवली. पुढे-मागे वरच्या टोकाला जाळी लावलेली झरोक्यासारखी तोंडं, त्यांवर झडप, म्हणजे तिरका पाऊसही आत येत नाही. केबिनची खिडकी थोडी उघडी. आवरण घालण्याआधी तळफळ्या उचलून खालचं पाणी फडक्याने टिपून काढलं आणि फळ्या उभ्या करून ठेवल्या.

पावसाळ्यात बाहेरची हवाही दमटच असते, त्यामुळे वारा खेळवून केबिन खडखडीत वाळत नाही. पण हवा हलत राहिली की आत-बाहेरच्या तापमानात फारसा फरक राहत नाही, घाम कमी सुटतो आणि आतली वाफ बाहेर पडते. बुरशीला बसायला जागा मिळत नाही.

गेल्या वर्षी बंदी उठल्यावर दादाने केबिन उघडली. धुराड्याजवळचा एक कोपरा ओलसर होता, बाकी फळ्या कोरड्या. वायरिंगला हात लावावा लागला नाही. पहिल्या शांत दिवशी होडी पाण्यात गेली. विकायचा विषय निघाला नाही. यंदाही निघालेला नाही. बाबांनी आवरणावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, "झापांसारखं शाकारलंय."

तुमच्यापैकी ज्यांच्या होड्या आहेत त्यांना एकच विनंती. जुलैच्या मध्यावर, पाऊस जरा उघडला की आवरणाची एक कड उचला आणि आतल्या बाजूने हात फिरवा. हात ओला झाला, तर पाणी वरून आलंय की आतच तयार झालंय ते आधी बघा. वरून येत असेल तर शिवण आणि उतार तपासा. आतच होत असेल तर आणखी एक ताडपत्री चढवू नका, वाऱ्याला वाट द्या.

आमचे कागदी बेत दादाकडे गुंडाळी करून ठेवले आहेत. प्रत्येक केबिन वेगळी, त्यामुळे ते जसेच्या तसे बसणार नाहीत, पण सुरुवातीला उपयोगी पडतील. मेच्या पहिल्या आठवड्यात मी गावी असेन. ज्यांना माप घ्यायचं असेल त्यांनी जुनी वर्तमानपत्रं घेऊन बंदरावर या.