दगडातले तांबे आणि जंतूंची मजुरी
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात नांदेड येथे केलेले भाषण)



सकाळी लातूरहून येताना एस.टी.त शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "सर, मुलीचा मेडिकलला नंबर लागला नाही, मायक्रोबायोलॉजीला घातली. आता जन्मभर रोगजंतूच मोजायचे का?" ते गृहस्थ सभागृहात आहेत, तेव्हा मला जपून बोलले पाहिजे.

जंतू म्हटले की आपल्याला पटकी आणि विषमज्वर आठवतो. परंतु १९४७ साली अमेरिकेत कोळशाच्या खाणीतून झिरपणाऱ्या आंबट पाण्यात एका निराळ्याच जंतूचा शोध लागला. थायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हे त्याचे जुने नाव. लिंबाच्या रसाइतक्या आंबट पाण्यात तो सुखाने राहतो. लोह व गंधक यांच्या ऑक्सिडीकरणातून तो ऊर्जा मिळवतो आणि कार्बन हवेतून घेतो. साखर नको, मांस नको!

गोंदियाच्या पलीकडे, बालाघाट जिल्ह्यात मलांजखंडला तांब्याची मोठी खाण आहे. अशा खाणींत पुष्कळ दगड असा निघतो की शंभर किलोत अर्धा किलोही तांबे नसते. तो दळून भट्टीत घालणे परवडत नाही, म्हणून ढीग पडून राहतात. अशा ढिगावर आम्लयुक्त पाणी शिंपडले की हे जंतू त्यातील लोहाचे रूप पालटतात, ते लोह तांब्याचे गंधकसंयुग फोडते आणि खाली मोरचुदाचे निळे पाणी उतरते. त्यात भंगार लोखंड टाकले की तांबे त्यावर बसते. मोरचुदाच्या पाण्यात खिळा बुडवून विद्यार्थ्यांनी हा शेवटचा भाग प्रयोगशाळेत पाहिलाच असेल.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत (स्थापना १९४६) या विषयावर काम झाले आहे. दक्षिण आफ्रिकेत फेअरव्ह्यू येथे तर १९८६ पासून सोन्याच्या हट्टी खनिजावर जंतू कामाला लावले आहेत.

मात्र ही मजुरी सावकाशीची आहे, महिनेच्या महिने लागतात. मलांजखंडचे मुख्य खनिज चॅल्कोपायराइट तर फारच चिवट. शिवाय ढिगाखाली पक्के अस्तर नसेल तर तेच आंबट पाणी गावच्या विहिरींत उतरेल. यावर उपाय शोधणारी माणसे हवी आहेत.

आता त्या गृहस्थांना सांगतो. आपल्या काळ्या बेसाल्टात तांब्याची खाण नाही. या कामासाठी मुलीला घर सोडून दूर जावे लागेल, हे मी लपवत नाही. आपली खरी काळजी तीच असावी. एम.एस्सी.पर्यंतचे शिक्षण इथे नांदेडातच होईल. पुढचे ठरवायला आपल्या हातात पाच वर्षे आहेत. आणि ठरवताना तिलाही विचारा.