गाडीत कुणी आहे का?

(गेल्या वर्षी गणेशोत्सवात सभासदांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "बंद गाडीतला कुत्रा." ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अहो, गेल्या वर्षी तुम्ही पावसाच्या पाण्याच्या पुनर्भरणावर बोलला होतात." त्यांचं बरोबर आहे. मी सिव्हिलचा डिप्लोमावाला, सरकारी नोकर, प्राणिमित्र वगैरे अजिबात नाही. आमच्या घरी कुत्रा नाही आणि मला कुत्र्यांची थोडी भीतीच वाटते. तरी हा विषय घेतला, कारण या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली आहे. ती कुठेतरी चारचौघांत सांगायची होती आणि तुमच्याइतके हक्काचे चारचौघे सिल्वासात मला दुसरे नाहीत.

एप्रिल महिन्यातली गोष्ट. नरोली रस्त्यावरच्या एका हॉलमध्ये लग्न होतं. मुहूर्त दुपारी साडेबाराच्या पुढचा. पार्किंग म्हणजे मागचं मोकळं मैदान, झाड एकही नाही. मी स्कूटर लावली आणि शेजारी एक पांढरी गाडी दिसली. पुढच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावलेला, मागच्या दोन्ही काचा दोन-दोन बोटं उघड्या आणि मागच्या सीटवर एक पग. चपट्या नाकाचा, एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीमुळे घरोघरी गेला तो. जीभ बाहेर काढून धापा टाकत होता. काचेशी यायचा, परत जायचा, परत यायचा.

मी थांबलो. गाडीही ओळखली. आमच्याच साहेबांची होती. साहेबांचं नाव आणि खातं इथे सांगत नाही. त्यांची बदली होऊन बरेच दिवस झाले आणि माणूस चांगला होता.

आता मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगतो. पहिलं, काचा उघड्या आहेत, म्हणजे त्यांनी विचार केलेला दिसतोय. दुसरं, येतीलच एवढ्यात. तिसरं, भर मांडवात जाऊन साहेबांना "तुमचा कुत्रा तापतोय" म्हणायचं, ते कसं दिसेल? चौथं मनात आलं ते असं, की माझा गोपनीय अहवाल त्या महिन्यात त्यांच्या टेबलावर होता. हे चौथं कारण मला पुष्कळ दिवसांनी कळलं. त्या वेळी पहिली तीनच पुरेशी वाटली.

मी आत गेलो. अक्षता घेतल्या. मंगलाष्टकं सुरू झाली. आपल्याकडे मंगलाष्टकं म्हणायला हौशी मंडळी फार. मुलीची आत्या, मुलाची मावशी, कुणी स्वतः रचून आणलेली. मी अक्षता टाकत होतो आणि मनात तो पग येत-जात होता.

वीस-पंचवीस मिनिटांनी पार्किंगवरचे वॉचमन काका आत आले. खानवेलकडचे वारली गृहस्थ, साठीचे. अंगावर ढगळ गणवेश. हॉलमध्ये यायची त्यांना परवानगी नसावी, कारण दारातल्या मुलाने त्यांना अडवलं. ते त्याला बाजूला सारून सरळ माइकवाल्यापाशी गेले आणि हातावर लिहून आणलेला गाडीचा नंबर त्यांनी त्याला दाखवला. दोन मंगलाष्टकांच्या मधे माइकवरून आवाज आला, "या नंबरच्या गाडीत कुत्रा आहे, तो पडलाय, मालकांनी बाहेर यावं." लोक हसले. साहेबांच्या वहिनी मात्र शालू सावरत धावत सुटल्या.

मी मागोमाग गेलो. पग सीटखाली पडला होता, तोंडाला फेस होता, हिरड्या लालभडक. काकांनी बादलीभर पाणी आणून ठेवलं होतं. वापीला डॉक्टरकडे नेला. संध्याकाळी गेला.

दोन दिवसांनी मी भेटायला गेलो. साहेबांची मुलगी पाचवीतली, ती खोलीतून बाहेर आली नाही. वहिनी म्हणाल्या, "गाडी एकदम गार होती हो, एसी बंद करून उतरलो. दहा मिनिटांत अक्षता टाकून निघायचं होतं, तिथूनच मुंबईला जाणार म्हणून त्याला बरोबर घेतला. एवढी माणसं त्या मैदानातून गेली, कुणालाच दिसला नाही का?"

मी म्हणालो, "नाही हो वहिनी, दिसला असता तर कुणी सांगितलंच असतं."

तर अशी ही चूक आहे. न बोलणं ही अर्धी, आणि हे वाक्य उरलेली अर्धी.

त्यानंतर मी या विषयावर वाचायला लागलो. आधी स्वतःची समजूत काढावी म्हणून, की काही झालं तरी तो वाचला नसता. तशी समजूत काही निघाली नाही.

ऊन काचेतून आत येतं, सीट आणि डॅशबोर्ड तापतात, आणि त्यांच्यातून निघणारी उष्णता त्याच काचेतून सहज बाहेर जात नाही. मोकळ्या जागी तापलेली हवा वर जाते आणि गार हवा खाली येते. गाडीत हवेला जायला वाव नसतो. अमेरिकेत २००५ साली एका वैद्यकीय मासिकात यावरचे मोजमाप प्रसिद्ध झालं. बाहेरचं तापमान २२ ते ३६ अंश सेल्सिअस असताना उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. गाडी आधी एसीने गार केलेली असली तरी काही मिनिटांतच ती गरम गाड्यांच्या रांगेत जाऊन बसते. म्हणजे वहिनींची "दहा मिनिटं" आणि माझी "दोन बोटं काच", दोन्ही हिशेब चुकीचे होते. हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हातही गाडी तापते.

आता कुत्र्याचं. आपल्याला अंगभर घाम येतो, त्याला तो फक्त पंजांना, तोही नावापुरता. त्याचा सगळा भरवसा धापेवर. जिभेवरचं आणि श्वासनलिकेतलं पाणी वाफ होऊन उडतं, तेवढाच गारवा. हे कूलरसारखं आहे. मी मूळचा जळगावकडचा. तिथे मे महिन्यात वाळ्याचा कूलर लावला की खोली गार होते. तोच कूलर मी हौसेने इथे आणला आणि पहिल्याच उन्हाळ्यात कळलं की सिल्वासाच्या दमट हवेत तो नुसतं ओलं वारं फेकतो. बंद गाडीतल्या कुत्र्याचं तेच होतं. त्याच्याच श्वासाने हवा दमट होते आणि धाप निरुपयोगी ठरते. पगसारख्या आखूड नाकाच्या कुत्र्याला मुळातच नीट धापा टाकता येत नाहीत. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश. ४१ च्या वर गेलं की उष्माघात, आणि मग मेंदू, मूत्रपिंड, आतडी एकेक करून बिघडायला लागतात. म्हणून वरून पाणी ओतल्यावर उठून बसलेला कुत्राही डॉक्टरकडे न्यावाच लागतो.

अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. जुलै २०२२ मध्ये ताजमहालच्या पार्किंगमध्ये पर्यटकांनी गाडीत ठेवलेला कुत्रा मेला. आणि केवळ कुत्रीच नाहीत. नागपुरात जून २०२३ मध्ये तीन मुलं, मुंबईत अँटॉप हिलला एप्रिल २०२४ मध्ये दोन भावंडं खेळता खेळता बंद गाडीत अडकून गेली. अमरेली जिल्ह्यात चार लहान मुलं गेली तो तर नोव्हेंबर होता, २०२४ चा. पार्किंगमधल्या काचेत डोकावून बघायची सवय लागली तर ती कुत्र्यापुरती राहणार नाही, एवढ्यासाठी हे सांगितलं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्याकडे १९६० पासून आहे. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत त्यासाठी पाठपुरावा केला होता. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज आपल्याकडे दोन वडापावही जेमतेम येतात. जाणूनबुजून प्राण्याला मारलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण वहिनींनी जाणूनबुजून काय केलं? माझी भाची कॅलिफोर्नियात असते. तिथे २०१७ पासून अशा गाडीची काच फोडून प्राण्याला बाहेर काढायची सामान्य माणसालाही मुभा आहे. मात्र दार खरंच बंद आहे ना ते बघायचं, आधी पोलिसांना फोन करायचा आणि ते येईपर्यंत तिथेच थांबायचं. काच फोडून निघून जायचं नाही.

पण खरी अडचण कायद्याची नाही. अडचण भिडेची आहे. भीड भिकेची बहीण, असं आपल्या आज्या म्हणायच्या. नाथांची गोष्ट आपण सगळे जाणतो. काशीहून आणलेली गंगेची कावड, तापलेल्या वाळूत तडफडणारं गाढव, आणि नाथांनी ते पाणी त्याच्या तोंडात घातलं. कीर्तनात आपण मान डोलावतो. मला आता त्या गोष्टीतले बरोबरचे यात्रेकरू आठवतात. त्यांनाही गाढव दिसलंच होतं. त्यांच्यात कुणी दुष्ट नसावं. प्रत्येकाला वाटलं असेल, आपण कसं मधे पडायचं? ज्या सिल्वासात २ ऑगस्ट १९५४ ला सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी माणसं पोर्तुगीज सत्तेसमोर उभी राहिली, त्याच गावात मी एका साहेबाच्या कुत्र्यासाठी तोंड उघडू शकलो नाही.

नंतर एकदा उघडलं. तेही सांगतो, नाहीतर मी फार सुधारलो असा समज व्हायचा. शनिवार-रविवारी गुजरातच्या गाड्या इथल्या हॉटेलांत कशासाठी येतात ते तुम्हाला ठाऊक आहे. अशाच एका हॉटेलबाहेर गाडीत कुत्रा दिसला. मी तावातावाने आत गेलो आणि त्या तरुणांच्या टेबलापाशी उभा राहून भाषणच ठोकलं. ते म्हणाले, "काका, इंजिन चालू आहे, एसी चालू आहे, हात लावून बघा." खरंच चालू होता. माझी फटफजिती. तरी त्यातला एकजण उठला आणि म्हणाला, "पण एसी मधेच बंद पडला तर आम्हाला कळणार नाही." त्याने कुत्र्याला बाहेर आणून टेबलाखाली बांधलं. मॅनेजरने थोडी कुरकुर केली, मग वाडग्यात पाणी दिलं.

त्यातून मी शिकलो ते इतकंच. जो माणूस कुत्र्याला गाडीतून फिरवतो त्याचा कुत्र्यावर जीव असतो. नसता तर घरीच बांधून आला असता. त्यामुळे "तुम्हाला लाज वाटत नाही का" असं सुरू केलं की तो आपल्याशी भांडायला लागतो आणि भांडणात मिनिटं जातात. "साहेब, तुमचा कुत्रा खूप धापा टाकतोय, जरा येता का?" असं म्हटलं की तो धावतो. आणि तेही तोंडावर म्हणवत नसेल तर वॉचमन काकांनी केलं ते करावं. गाडीचा नंबर माइकवर द्यावा. माइकवरून बोलताना कुणी कुणाचा साहेब नसतो. मालक सापडला नाही तर ११२ लावावा, आणि गाडीपासून हलू नये.

बाहेर काढल्यावर सावलीत न्यावं, अंगावर, पोटाला, पंजांना साधं नळाचं पाणी घालावं, वारा घालावा. शुद्धीत असेल तर थोडं थोडं पाणी पाजावं, जबरदस्तीने तोंडात ओतू नये. आधी गार करायचं आणि मग डॉक्टरकडे न्यायचं. त्या दिवशी आम्ही घाईघाईत उलटं केलं. त्याच तापलेल्या गाडीत घालून वापीचा रस्ता धरला.

मंडळाला एक विनंती केली होती, ती मान्य झाली आहे. आपल्या मंडपाच्या मागच्या पार्किंगमध्ये स्वयंसेवक दर वीस मिनिटांनी एक फेरी मारतील आणि काही दिसलं तर आरती चालू असली तरी माइक त्यांना मिळेल. काल आमच्या विनायकरावांनी विचारलं, "आरतीच्या मधे?" हो, आरतीच्या मधे. मंगलाष्टकांच्या मधे चाललं होतं.

ते वॉचमन काका आता त्या हॉलवर नाहीत. मी दोनदा चौकशी केली. एजन्सी बदलली, एवढंच कळलं.

सचिव म्हणतात की हे भाषण लिहून द्या, पुढच्या स्मरणिकेत घेऊ. स्मरणिका वहिनींकडेही जाते, त्या आजही मंडळाच्या आजीव सभासद आहेत. तेव्हा छापून यायच्या आत मला त्यांना एक फोन करायचा आहे. नंबर आहे माझ्याकडे.

आरतीची वेळ झाली. थांबतो. गणपती बाप्पा मोरया!