उत्सर्ग समिती आणि न्हाणीघरातील प्लास्टिक



दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांमध्ये अस्नान आणि अदंतधावन यांचा समावेश आहे. गृहस्थाला ही कठोर साधना सांगितलेली नाही. श्रावकाने स्नान करावे आणि शुचिर्भूत होऊन जिनमंदिरात अभिषेक-पूजन करावे, हाच त्याचा आचार होय. तथापि ज्या साधनांनी तो देह स्वच्छ करतो, त्यांची वेष्टने शेवटी कोठे जातात, हा प्रश्न त्याच्या अहिंसाव्रताच्या कक्षेतच येतो.

उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात पाच समिती सांगितल्या आहेत. त्यांपैकी पाचवी उत्सर्ग समिती. मलमूत्रादींचे विसर्जन जीवजंतुरहित जागा पाहूनच करावे, हा तिचा आशय. समिती प्रामुख्याने मुनींसाठी असल्या, तरी त्यांमागील विवेक गृहस्थालाही मार्गदर्शक आहे. वस्तू घेताना जशी सावधानता हवी, तशीच ती टाकतानाही हवी.

शाम्पूच्या पुडीचे उदाहरण घ्यावे. आतील शाम्पू एका स्नानात संपतो. पुडी मात्र प्लास्टिकचे, आणि कित्येकदा अ‍ॅल्युमिनियमचेही, पातळ थर एकमेकांना चिकटवून बनविलेली असते. हे थर वेगळे करणे कठीण, आणि पुडीचे वजन नगण्य. म्हणून भंगारवाला ती घेत नाही. ती गटारात तुंबते, नदीत वाहते किंवा उकिरड्यावर पडते. तेथे चरणारी गाय अन्नाबरोबर प्लास्टिकही गिळते. ते पचत नाही, पोटात साठत राहते आणि प्रसंगी शस्त्रक्रिया करून काढावे लागते. जो समाज पांजरपोळास उदारहस्ते दान देतो, त्याच्याच घरातील कचरा त्या मुक्या जीवाच्या पोटात जावा, ही विसंगती खेदजनक आहे.

दिनांक १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या काडीचे इअरबड देशात बंद झाले. शाम्पूची पुडी त्या यादीत नव्हती. जेथे कायदा थांबतो, तेथे श्रावकाचा संयम सुरू व्हावयास हवा. भोगोपभोगपरिमाण व्रताची शिकवण हीच आहे.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. पंपाच्या बाटलीतील द्रवसाबणाऐवजी साध्या कागदात गुंडाळलेली साबणाची वडी घ्यावी. शिकेकाई व रिठा बाजारात सुटे मिळतात; ते कापडी पिशवीत किंवा घरच्या डब्यात आणावेत. फेकून देण्याच्या प्लास्टिक रेझरऐवजी पाते बदलता येणारा धातूचा रेझर वर्षानुवर्षे टिकतो. जुनी पाती मात्र पत्र्याच्या डबीत साठवावीत, म्हणजे सफाई कामगाराचा हात कापणार नाही. शाम्पू हवाच असेल, तर पुड्यांऐवजी मोठी बाटली घ्यावी. तिच्या बुडाशी त्रिकोणात १ किंवा २ हा अंक असल्यास ती धुऊन भंगारात द्यावी. त्या प्लास्टिकचा पुनर्वापर तुलनेने सुलभ असतो. वेष्टनावरील 'हर्बल' हा शब्द किंवा हिरव्या पानाचे चित्र पाहून मात्र भुलू नये. त्यावरून वेष्टन कशाचे आहे, हे कळत नाही.

हातावर पोट असलेल्या कुटुंबाला मोठी बाटली एकदम परवडत नाही, म्हणून ते पुडी घेते. त्याला दोष देणे हा धर्म नव्हे. परंतु सुस्थितीतील कुटुंबे केवळ सोयीसाठी पुड्यांच्या माळा घेऊन कुंथलगिरी, श्रवणबेळगोळ, सम्मेदशिखरजी येथे यात्रेला जातात आणि रिकाम्या पुड्या त्या पवित्र भूमीवर टाकून परततात. घरातील एखादी जुनी छोटी बाटली भरून नेली, तर हा दोष सहज टळेल. घरचा प्लास्टिकचा मग धड असेल, तर तो टाकून नवा लाकडी घेण्याचेही कारण नाही. आहे ती वस्तू झिजेपर्यंत वापरणे हाही अपरिग्रहच.

सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक घराने एक छोटा नियम घ्यावा: ज्या वेष्टनाच्या विसर्जनाची निर्दोष वाट ठाऊक नाही, ते शक्यतो घरात आणू नये. प्रत्येक धर्मशाळेनेही पुड्यांऐवजी साबणाच्या वड्या ठेवाव्यात. पूजेपूर्वीचे स्नान कोणत्याही जीवाला पीडा न देता घडले, तरच त्या शुचितेला पूर्णता येईल.

जय जिनेंद्र!