द्राक्षबागेतले भाजलेले हात
(वार्षिक सभेत जळीत कक्षाच्या वतीने केलेले निवेदन)



भाजणे म्हटले की चूल, स्टोव्ह, उकळते पाणी आठवते. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत आमच्याकडे येणाऱ्या काही हातांना मात्र ज्वालेचा स्पर्शही झालेला नसतो.

आपल्याकडच्या उष्ण हवेत द्राक्षवेलीला पुरेशी थंडी मिळत नाही आणि डोळे मागेपुढे फुटतात. ते एकसारखे फुटावेत म्हणून छाटणीनंतर काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. बागेत त्याला नुसते 'पेस्ट' म्हणतात. पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या एकरावर उक्ते काम घेतात आणि एकेक डोळा हाताने माखतात.

हे द्रव्य कातडी जाळते. हातमोजा फाटका असेल तर अधिकच, कारण आत झिरपलेले द्रावण तासन्‌तास अंगाशी राहते. एका भगिनीने सकाळी बोटांच्या बेचक्यांतली चुणचुण उन्हाची समजून सोडून दिली. संध्याकाळी फोड आले, त्यावर टूथपेस्टचा थर बसला. तो थर काढताना तिला झालेल्या यातना सर्वस्वी टाळता येण्यासारख्या होत्या. ओले कपडे व हातमोजे तत्काळ उतरवून वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे हात धरावा. हळद, शाई, लिंबू काहीही लावू नये.

दुसरा धोका कमी लोकांना ठाऊक आहे. हे द्रव्य शरीरात मद्याचे विघटन अर्ध्यावर अडवते. श्रमपरिहारासाठी थोडी घेतली तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब उतरतो. अशा माणसाला केवळ नशेत समजून घरीच झोपवून ठेवणे जिवावर बेतू शकते. कामाच्या आदल्या दिवसापासून नंतरचे काही दिवस मद्य वर्ज्यच हवे.

आमच्या देणगीदारांत अनेक द्राक्षबागायतदार आहेत, म्हणून थोडे स्पष्ट बोलतो. आपली द्राक्षे जेथे जातात त्या युरोपीय संघाने २००८ मध्ये या द्रव्याला मंजूर यादीत स्थान नाकारले. आपल्याकडे कीटकनाशक कायदा १९६८ चा आणि नियम १९७१ चे. मजुराला संरक्षक कपडे देणे ही त्यांनी मालकावर टाकलेली जबाबदारी आहे. एकरी खर्चाच्या हिशेबात हातमोज्यांची रक्कम शोधूनही सापडणार नाही, इतकी लहान असते.

येत्या छाटणीला बागेच्या बांधावर स्वच्छ पाण्याचे पिंप, साबण आणि हातमोज्यांचे जादा जोड ठेवावेत. आणि कुणाला भाजलेच, तर रुग्णासोबत त्या द्रव्याच्या डब्यावरचे लेबलही आमच्याकडे पाठवावे.