मतभेद आणि वेगळी चूल



कोथरूडहून कर्वे रस्त्याने गरवारे महाविद्यालयापर्यंत गेले आणि तेथून नदी ओलांडून नव्या पेठेत उतरायचे म्हटले, तर वाटेत जो पूल लागतो त्याला एस. एम. जोशी यांचे नाव आहे. आपल्यापैकी पुष्कळजण त्या पुलावरून रोज जात असतील. एस. एम. ज्या समाजवादी पक्षात आयुष्यभर वावरले, तो पक्ष पुन्हा पुन्हा का फुटला, हा आजचा माझा विषय आहे.

मी विद्वान नाही. माझे शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात, गेटसभेत आणि जुन्या कार्यकर्त्यांच्या सहवासात. तेव्हा माझ्या बोलण्यात शास्त्रीय काटेकोरपणा न आढळल्यास आपण सांभाळून घ्यावे.

समाजवादी पक्षाची कल्पना १९३०च्या चळवळीनंतर नाशिकच्या तुरुंगात आकाराला आली. जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता, नानासाहेब गोरे, एस. एम. अशी तरुण मंडळी तेथे होती. १९३४ साली काँग्रेसच्या आतच काँग्रेस समाजवादी पक्ष स्थापन झाला. पुढे १९४८ साली नाशिकच्याच अधिवेशनात त्यांनी काँग्रेस सोडण्याचा निर्णय घेतला. ध्येय एकच होते : लोकशाही मार्गाने समाजवाद. पण काँग्रेसमधून बाहेर पडल्यावर एक प्रश्न मागे लागला तो शेवटपर्यंत सुटला नाही. राज्य करणाऱ्या काँग्रेसशी आपले नाते काय? सहकार्य की विरोध?

१९५२च्या पहिल्या निवडणुकीत समाजवादी पक्षाला लोकसभेच्या अवघ्या १२ जागा मिळाल्या. त्याच वर्षी आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाशी विलीनीकरण होऊन प्रजा समाजवादी पक्ष जन्माला आला. १९५३ साली पंडित नेहरू आणि जयप्रकाश यांच्यात सहकार्याची बोलणी झाली आणि फिसकटली. त्यानंतर बैतूलच्या अधिवेशनात अशोक मेहतांनी मांडले की, मागासलेल्या देशात सत्ताधारी आणि विरोधी यांनी रोज एकमेकांचे पाय ओढणे परवडणार नाही. जेथे एकमत होईल तेथे हातभार लावावा. डॉ. राममनोहर लोहिया म्हणाले, असे केले तर गरिबाच्या रागाला वाचा फोडणारा कोणी उरणार नाही. काँग्रेस आणि कम्युनिस्ट या दोघांपासून सारखेच दूर राहा.

श्रोतेहो, मला विचाराल तर दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. धरण बांधायला हात लागतात आणि धरणाखाली बुडणाऱ्यासाठी भांडायलाही माणूस लागतो.

मग १९५४ साल आले. त्रावणकोर-कोचीनमध्ये पट्टम थाणू पिळ्ळै यांचे प्रजा समाजवादी सरकार होते. तेथे तमिळ भाषिकांच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. लोहिया पक्षाचे सरचिटणीस. त्यांनी आपल्याच सरकारचा राजीनामा मागितला. काँग्रेसच्या गोळीबाराचा आपण निषेध करतो, मग आपल्या गोळीबाराला वेगळा न्याय का, असा त्यांचा रोख होता. पक्षाने सरकार टिकवण्याची बाजू घेतली. पुढच्याच वर्षी आवडीच्या अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला आणि जुना वाद पुन्हा पेटला. आपल्या पुण्याचे मधू लिमये सहकार्याच्या धोरणावर उघड टीका करू लागले. त्यांना निलंबित करण्यात आले. १९५५ संपता संपता लोहियांचा समाजवादी पक्ष हैदराबादेत निराळा उभा राहिला.

येथे पुण्याची गोष्ट अधिक जवळून पाहण्यासारखी आहे. फूट पडत होती त्याच सुमारास एस. एम. संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस म्हणून कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन अशा भिन्न मतांच्या लोकांची मोट बांधत होते. नानासाहेब १९५५च्या मे महिन्यात सत्याग्रही तुकडी घेऊन गोव्यात शिरले आणि पोर्तुगीजांच्या तुरुंगात पडले. सुटून आले आणि १९५७ साली पुण्याने त्यांना लोकसभेवर पाठवले. परक्यांशी जुळवून घेणे ज्यांना साधत होते, त्यांना घरातल्यांशी मात्र जमले नाही.

१९६४ साली दोन्ही समाजवादी पक्ष एक झाले. संयुक्त समाजवादी पक्ष असे नाव ठेवले, एस. एम. अध्यक्ष झाले. हे ऐक्य वर्षभरही टिकले नाही. १९६५च्या जानेवारीत वाराणसीच्या अधिवेशनात पुन्हा फाटले. एस. एम. संयुक्त समाजवादी पक्षात राहिले. नानासाहेब प्रजा समाजवादी पक्षात गेले आणि पुढे त्याचे अध्यक्ष झाले. दोघांचा स्नेह मात्र तुटला नाही, याचे आपल्याला मोठे कौतुक वाटते. मलाही वर्षानुवर्षे वाटत असे. आता त्या कौतुकाबरोबर एक शंकाही येते. ती का येते ते सांगतो.

वीसेक वर्षांपूर्वी भोसरीकडच्या एका कारखान्यात मी युनियनचे काम करत होतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. पगारवाढीचा करार होत आला होता. आमच्यातला एक गट म्हणाला, पदरात पडते ते घ्या, कंत्राटी कामगारांना कायम करण्याचे पुढच्या करारात पाहू. दुसरा गट म्हणाला, त्यांना सोडून सही करायची नाही. मी या दुसऱ्या गटात होतो. सर्वसाधारण सभेत मतदान झाले आणि आम्ही थोडक्या मतांनी हरलो. मी हार मानली नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे असे म्हणून मी निराळी युनियन काढली. गेटवर दोन फलक लागले. मालक म्हणाला, मी सही कोणाबरोबर करू? करार दोन वर्षे लोंबकळला. आणि ज्यांच्यासाठी मी वेगळी चूल मांडली, त्या कंत्राटी माणसांनाच पहिल्या झटक्यात घरी बसवले.

पलीकडच्या गटाचा पुढारी माझा मित्र. आम्ही तेव्हाही एका टपरीवर चहा घ्यायचो. एकदा कामावरून निघालेला एक पोरगा तेथे आला आणि म्हणाला, "भाऊ, तुमची दोस्ती टिकली हे बरं झालं. माझं काम काही टिकलं नाही."

त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. पुढाऱ्यांचा स्नेह ही मोठी गोष्ट आहे. पण खाली ज्याला दोन झेंड्यांतून एक निवडावा लागतो, त्याला तो पुरत नाही. १९६७ साली, एस. एम. स्वतः पुण्यातून निवडून आले तेव्हा, लोकसभेत संयुक्त समाजवादी पक्षाचे २३ आणि प्रजा समाजवादी पक्षाचे १३ सभासद होते. १९७१ साली उरले ३ आणि २. इंदिराबाईंची लाट होतीच, हे खरे. पण लाटेत दोन लहान होड्या वेगवेगळ्या सोडल्या होत्या, हेही खरे. त्याच वर्षी दोन्ही पक्ष पुन्हा एक झाले, आणि पुन्हा फुटले.

मग मतभेद असूच नयेत काय? तसे मी म्हणणार नाही. ज्या पक्षात वाद नाही तेथे विचार थांबला आहे असे समजावे. १९५४चा गोळीबार मुकाट्याने गिळावा, असेही मी म्हणणार नाही. ज्यांच्यासाठी पक्ष काढला त्यांच्यावरच गोळी चालली, तर बाहेर पडणाऱ्याला फुटीर म्हणणे अन्याय होईल. पण काँग्रेसशी किती सहकार्य करावे, कोणाशी निवडणूक समझोता करावा, हे प्रश्न त्या जातीचे नव्हते. ते मताने ठरवता आले असते आणि दोन वर्षांनी मताने बदलताही आले असते. त्यासाठी दोन्ही बाजूंनी काही पाळावे लागते. बहुमताने अल्पमताचे तोंड बंद करू नये. लिमयांना निलंबित करून पक्षाने काय मिळवले? आणि अल्पमताने हरल्यावर लगेच सरपण गोळा करू नये. यातला दुसरा नियम मी स्वतः मोडला आहे, म्हणून त्याची किंमत मला ठाऊक आहे.

२०२२ आणि २०२३ साली आपल्या राज्यात दोन पक्ष फुटले, तेव्हा ठरावाची प्रत कोणी मागितली नाही. चिन्ह कोणाकडे गेले एवढेच लोकांनी विचारले. त्या मानाने समाजवादी मंडळी निदान ठरावांवर भांडली. त्यांच्या भांडणांतून शिकण्यासारखे काही आहे ते याचमुळे. आपल्यापैकी जे कोणी पक्षात, युनियनमध्ये किंवा सोसायटीच्या कमिटीत असतील, त्यांनी पुढच्या वेळी हरल्यावर राजीनामा लिहिण्याआधी एवढेच पाहावे, की आपण बाहेर पडल्यावर उघड्यावर कोण पडणार आहे.