नाव कुठे संपतं?

श्रोतेहो, आमचं माजरी हे रेल्वेचं जंक्शन. वर्धा-बल्लारशा ही मुख्य लाइन आणि वणीकडे जाणारा फाटा इथे मिळतात. गाडी स्टेशनातून निघून गेली की रेल्वेचा माणूस शेवटच्या डब्याची पाठ बघतो. तिथे मोठी फुली असते किंवा 'एलव्ही' ही पाटी. ती दिसली म्हणजे गाडी पुरी आली, मागे डबा सुटला नाही. कोळशाच्या मालगाडीला आणखी एक हिशेब असतो. तिच्या कागदावर वाघिणींची संख्या आधीच लिहिलेली असते. शेवटाची खूण किंवा आधी सांगितलेली संख्या, गाडी पुरी आहे हे ओळखायच्या या दोन रीती. शब्द कुठे संपतो हे संगणकही याच दोन रीतींनी ओळखतो.

पहिली रीत 'सी' या भाषेची. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ती घडवली. संगणकाची स्मृती म्हणजे ओळीनं मांडलेले खण. एका खणाला बाइट म्हणतात. शब्दाची अक्षरं खणांत ठेवायची आणि शेवटी एक शून्य ठेवायचं. हे शून्य छापलं जात नाही. 'इथे संपलं' एवढंच ते सांगतं. म्हणून रोमन लिपीतल्या दहा अक्षरी नावाला अकरा खण लागतात. अकरावा विसरला, तर संगणक थांबत नाही, शेजारच्या खणांत शिरून वाचत सुटतो. आणि शून्य चुकून मध्येच आलं, तर पुढचा मजकूर असून नसल्यासारखा होतो.

दुसरी रीत म्हणजे मजकुराआधी त्याची लांबी लिहून ठेवणं. डेटाबेसमध्ये बहुधा हीच चालते. पण सांगितलेली लांबी पडताळून न बघता खरी मानली, तर तीही फसवते. २०१४ साली उघडकीला आलेला 'हार्टब्लीड' हा दोष असाच होता. समोरच्यानं लांबी फुगवून सांगितली, की सर्व्हर आपल्या स्मृतीतला भलताच मजकूर त्याच्या हाती देत असे.

आता आपल्या मराठीकडे येऊ. मी कविता लिहिणारा माणूस, मला मात्रा मोजायची सवय. 'माजरी' या शब्दात अक्षरं तीन, मात्रा पाच. संगणकाचं मोजमाप आणखी निराळं. युनिकोडमध्ये म वेगळा, काना वेगळा, वेलांटी वेगळी. म्हणून 'माजरी'ची चिन्हं पाच. यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे तीन अक्षरांच्या गावाला पंधरा खण! रोमन लिपीत हेच गाव पाच खणांत मावतं.

दिल्लीचं निजामुद्दीन स्टेशन तुम्हाला ठाऊक असेल. आमच्या घरांतूनही हे नाव असतं. रोमन लिपीत ते दहा अक्षरांचं. तेव्हा रोमनचाच हिशेब डोक्यात धरून फॉर्म बनवणाऱ्यानं नावाला वीस खण दिले, तर त्याला ते ऐसपैस वाटतात. पण देवनागरीत या नावाची चिन्हं अकरा, आणि खण तेहतीस. विसांत बसतं फक्त 'निजामु'. पुढच्या 'द'चे तीनपैकी दोनच बाइट आत जातात आणि कागदावर चौकोन नाहीतर प्रश्नचिन्ह उमटतं. मोबाइलवरच्या एसएमएसचंही तसंच. इंग्रजीत एका संदेशात १६० अक्षरं मावतात, मराठीत ७० चिन्हं.

खरी अडचण पुढेच आहे. नाव कापलं गेलं हे कुणी सांगत नाही. मायएसक्यूएल हा सर्वत्र वापरला जाणारा डेटाबेस. जादा मजकूर छाटून उरलेला ठेवून घ्यायचा आणि जाता जाता एक इशारा द्यायचा, अशी त्याची मूळ रीत होती. तो इशारा वाचणार कोण? २०१५ साली आलेल्या त्याच्या ५.७ आवृत्तीपासून, मुद्दाम बदल केला नसेल, तर तो असा मजकूर सरळ नाकारतो. मला हा नकार फार मोलाचा वाटतो. नाकारलेलं नाव टेबलापलीकडच्या माणसाला लगेच दिसतं. छाटलेलं नाव दिसतं ते पुढे कधीतरी, पेन्शनच्या नाहीतर जमिनीच्या मोबदल्याच्या खिडकीवर. तिथे म्हाताऱ्या माणसाला ऐकावं लागतं, 'बाबा, हा कागद तुमचा नाही.' मग प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, पुन्हा पुढच्या सोमवारी या.

प्रोग्राम लिहिणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझं सांगणं एवढंच, की खण ठरवताना देवनागरीत लिहिलेलं एखादं लांब नाव, वडिलांच्या नावासह आणि आडनावासह, घालून बघा. मावत नसेल तर जागा वाढवा, आणि तेही जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. गुपचूप कापू नका. आणि श्रोतेहो, तुम्ही खिडकीवरून पावती घेतलीत, की रक्कम तपासता तसं नावही शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. अर्धं असेल, तर तिथेच उभं राहून पूर्ण करून घ्या.