वाचकांची मोजदाद



संमेलनाच्या अध्यक्षपदावरून मराठीत संकेतस्थळे व ॲप घडवण्याच्या आपल्या व्यवसायाचा गौरव करण्याची रीत आहे. ती आज बाजूला ठेवते आणि एका रोजच्या प्रश्नाकडे वळते. आपल्या वेब ॲप्लिकेशनसाठी ॲनालिटिक्सचे साधन कसे निवडावे? खरे तर हा निर्णय आपण बहुधा घेतच नाही. साइट सुरू होण्याच्या आदल्या रात्री कुणीतरी गूगलची स्क्रिप्ट पानात चिकटवतो आणि पुढे कित्येक वर्षे तीच चालू राहते.

याची किंमत काय, ते २०२३ मध्ये कळले. गूगलने २००५ मध्ये अर्चिन ही कंपनी घेतली आणि त्याच वर्षी गूगल ॲनालिटिक्स फुकट देऊ केले. ते जगभर पसरले. मात्र १ जुलै २०२३ पासून युनिव्हर्सल ॲनालिटिक्स या त्याच्या जुन्या पिढीच्या मोफत आवृत्तीने नव्या नोंदी घेणे थांबवले आणि पुढच्या वर्षीच्या जुलैत जुने अहवाल पाहण्याची सोयही काढून घेतली. ज्यांनी आकडे वेळेत उतरवून घेतले नाहीत, त्यांचा वर्षानुवर्षांचा इतिहास गेला. ज्यांनी घेतले त्यांनाही तो पुढे जोडता आला नाही, कारण त्याच्या जागी आलेल्या गूगल ॲनालिटिक्स ४ची, म्हणजे जीए-४ची, मोजण्याची रीतच वेगळी. तिथे सगळा हिशेब इव्हेंटचा. शिवाय त्याच्या मोफत खात्यात सविस्तर नोंद फार तर १४ महिने राहते आणि सेटिंग बदलले नाही तर दोनच महिने. दिवाळी अंक वर्षातून एकदा निघतो. यंदाचे वाचन गेल्या दिवाळीशी बारकाईने ताडून पाहायचे, तर दोन महिन्यांची स्मृती काय कामाची?

म्हणून माझे पहिले मत असे की, नोंद कुणाच्या ताब्यात राहणार आणि ती पूर्ण बाहेर काढता येईल का, हे डॅशबोर्ड पाहण्याआधी विचारावे. पिविक या नावाने २००७ मध्ये सुरू झालेले आणि २०१८ पासून मटोमो म्हणून ओळखले जाणारे साधन पीएचपी व मायएसक्यूएलवर चालते, म्हणजे ते आपल्या सर्व्हरवर बसवता येते. प्लॉझिबल हे दुसरे साधन कुकी न ठेवता मोजते आणि त्याची स्क्रिप्ट अगदी हलकी आहे. नियतकालिके, ग्रंथालये, छोटे प्रकाशक यांना यापैकी एक पुरेल, असे मी ठामपणे सांगते.

लॉगिन, अर्ज आणि पैसे भरणे असलेल्या ॲपची गोष्ट निराळी. तिथे पानांची संख्या फार काही सांगत नाही. माणूस कोणत्या पायरीवर अडखळून निघून गेला, ते हवे असते. त्यासाठी मिक्सपॅनेल, ॲम्प्लिट्यूड, पोस्टहॉग अशी इव्हेंटवर बेतलेली साधने आहेत. पण इव्हेंट ठरवण्याआधी एकेका आकड्याला विचारा : हा वर गेला किंवा खाली आला, तर आम्ही काय बदलणार? उत्तर नसेल, तर तो आकडा गोळाच करू नका. आणि आकड्यांतल्या किरकोळ फरकांवरून सहकाऱ्यांशी वाद घालू नका. सफारी ब्राउझर स्क्रिप्टने ठेवलेली कुकी सात दिवसांत पुसतो. पंधरा दिवसांनी परतणारा आपला निष्ठावान वाचक अशा मोजणीत पुन्हा नवा ठरतो.

आता खास आपल्या अडचणी. देवनागरीतला प्रत्येक वर्ण, काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतो आणि वेबपत्त्यात टक्केचिन्हांसह नऊ चिन्हे लांब होतो. साधनाने तो उलगडून दाखवला नाही, तर अहवालात लेखाचे नाव वाचताच येत नाही. याहून बिकट प्रकार शोधपेटीचा. ‘तऱ्हा’ हा शब्द ऱ वापरून लिहिता येतो, तसाच साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचे ठरावीक नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. त्यात रोमन लिपीत टंकणारे वेगळेच. वाचकाने काय शोधले आणि त्याला काय मिळाले नाही, हा मला सर्व अहवालांत मोलाचा वाटणारा अहवाल. तोच आपल्याकडे असा विखुरतो. साधन विकत घेण्यापूर्वी त्याला असे शब्द देऊन पाहा.

शेवटी, ज्यांची नोंद ठेवायची त्यांच्या संमतीविषयी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला दिला आहे. त्या अनुसूचीत मराठी आहे. ही सूचना साध्या, घरच्या मराठीत कोण लिहिणार? वकिलांकडून तपासून घेतलेला एक नमुना मसुदा आणि वर सांगितलेले शब्द एकरूप करणारा छोटा प्रोग्राम या दोन गोष्टी आपल्या संमेलनाने तयार करून सर्वांना मोफत द्याव्यात, असा ठराव मी आज दुपारच्या खुल्या अधिवेशनात मांडत आहे. अनुमोदनासाठी आणि कामात हातभार लावण्यासाठी नावे मंचाजवळच्या टेबलावर द्यावीत.